चित्रकलेचे नवे सर

पनवेल, १४ जुलै २०२५

बाई, नमस्कार.

मी दिपिका घरत. लग्नाआधीची दिपिका कोळी, तुमच्या चित्रकलेच्या वर्गात खिडकीजवळ बसायची ती. तुम्ही शाळेतून निवृत्त होऊन मिरजेला भाचीकडे गेलात एवढं कळलं होतं. फोन लावला तर भाची म्हणाली, "मावशीला आता अजिबात ऐकू येत नाही. पत्र लिहा, तिला आवडतं." म्हणून लिहितेय. लिहायची सवय गेलीय, अक्षर सांभाळून घ्या.

आमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत आहे. माझी रिया सहावीत आहे आणि मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष. रियाला पहिलीपासून प्रगतिपुस्तकात कलेला 'अ' श्रेणी मिळते. पण तिनं शाळेत काढलेलं एकही चित्र मी पाहिलं नव्हतं. सगळ्याच मुलांना 'अ'. चित्रकलेच्या तासाला गणित चालतं. मोठ्या मॅडमना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, विचारलं तर म्हणाल्या, "चित्रकलेला शिक्षकच नाही, मग 'ब' तरी कुणाला आणि कशाबद्दल देऊ?"

आता जूनपासून एक सर यायला लागलेत. इंद्रजीत सोनवणे, तिशीतला, बारीक, पाठीवर कागद ठेवायचं लांब नळकांडं. कुठल्याशा संस्थेकडून येतो, शाळेकडून काही घेत नाही. मुलं त्याच्या नावाचा जप करतात, आणि माझ्या डोक्यातून तो माणूस जात नाही. बाई, विमानतळाचं काम निघाल्यापासून आमच्याकडे कुणी नवखा माणूस चहाला थांबला, तर कप खाली ठेवायच्या आत सातबाऱ्याची चौकशी करतो. आणि हा फुकट शिकवतोय!

शिकवतो काय, तर तुमचं घर काढा. घरामागे काय आहे ते काढा. बांधावर कुठलं झाड, विहीर कुठे. तास संपला की सगळी चित्रं गोळा करून नळकांड्यात घालतो आणि घेऊन जातो. कुणाची जमीन कुठून कुठवर, हे तलाठ्यापेक्षा मुलांकडून सोपं कळतं, नाही का?

तुम्ही आयुष्यभर चित्रकला शिकवलीत. खरे शिक्षक असं करतात का, तेवढं सांगा.

तुमची,
दिपिका

*

मिरज, २३ जुलै २०२५

प्रिय दिपिका,

आठवतेस. रंगात पाणी घालायला कंजूषपणा करायचीस.

खरे शिक्षक असंच करतात. मीही तुम्हाला तुमची घरं काढायला लावली होती, आणि तुमच्यापैकी कुणाची वीतभर जमीन मला मिळाली नाही. जे रोज दिसतं ते काढायला लावणं हाच तर आमचा धंदा. पण चित्रं घेऊन जाणं मला पटलं नाही. मुलाचं चित्र मुलाला मिळायला हवं. त्याला समोर बसवून विचार. गावभर कुजबुज करू नकोस.

माझे दोन प्रश्न आहेत. तू पत्रभर त्या माणसाविषयी लिहिलंस. रिया काय काढते, यावर एक ओळ नाही. आणि दुसरं, त्याला शाळेत आणलं कुणी? सरकारी शाळेत कुणी आपोआप उगवत नाही.

वसुंधरा दांडेकर

*

पनवेल, १४ ऑगस्ट २०२५

बाई, नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नानं लाज वाटली. त्याच संध्याकाळी रियाला म्हटलं, मला काहीतरी काढून दाखव. तिनं दारातला शेवगा काढला. शेंगा नुसत्या रेघा नाहीत हो, लोंबताना त्यांचं वजन जाणवतं. म्हणाली, "सर म्हणतात, आधी बघ, मग काढ. तू जास्त काढतेस आणि कमी बघतेस." हे वाक्य मी तुमच्या तोंडून ऐकलंय, म्हणून दचकले.

सरांना समोर बसवून विचारलं.

"चित्रं कुठे नेता?"

"संस्थेत. शेवटी प्रदर्शन आहे."

"संस्था कुणाची?"

त्यानं नळकांड्याचं झाकण घट्ट केलं. "पनवेलला ऑफिस आहे, ताई. पगार तिथून मिळतो. बाकी मला माहीत नाही."

ज्यांचा पगार खातो ते कोण, हे माहीत नाही? तुम्हाला पटतं? आणि पुढचं ऐका. आता पहिली ते सातवी सगळ्या मुलांना एकच विषय दिलाय, 'माझ्या स्वप्नातली शाळा'. वर सांगितलंय, कागदाची एकही बाजू रिकामी ठेवायची नाही, शाळेच्या आजूबाजूला काय दिसतं तेही काढायचं. आजूबाजूला! आमची शाळा हायवेला लागून आहे, मैदान चांगलं ऐसपैस. बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटेल अशी जागा.

त्याला गावातल्याच एका माणसानं आणलं. त्या माणसाची काळजी नाही.

तुमची,
दिपिका

*

मिरज, २४ ऑगस्ट २०२५

प्रिय दिपिका,

कागदाच्या चारही बाजू वापरायला शिकवणारा माणूस मला खोटा वाटत नाही. मुलं मधोमध एक घर काढतात आणि बाकी कागद कोरा सोडतात. ती सवय मोडायला माझी अख्खी नोकरी गेली. जे ढोंगानं शिकवायला येतात ते एवढी मेहनत घेत नाहीत.

पण तुझं पत्र मी दोनदा वाचलं. इंद्रजीतचं नाव, आडनाव, वय, पाठीवरचं नळकांडं, सगळं तू लिहिलंस. त्याला आणणारा मात्र नुसता 'गावातला एक माणूस'. त्याला नाव नाही का? की तुला लिहायचं नाही?

वसुंधरा दांडेकर

*

पनवेल, १० सप्टेंबर २०२५

बाई, नमस्कार.

सरांचा वर्ग बंद झाला. मी केला.

गणपतीत बायका जमल्या होत्या, तेव्हा बोलून टाकलं, की हा माणूस मुलांच्या घरादाराची चित्रं घेऊन जातो, त्या चित्रांचे फोटोही काढतो. एवढंच बोलले होते. दुसऱ्या दिवशी पंधरा-वीस जणी शाळेच्या फाटकात उभ्या. हौसा आजी काठी आपटत म्हणाली, "आमच्या पोरांचे फोटो कुनाला दाखवतस रं?" त्यानं मुलांचे रंग एकेक करून डब्यात भरले, फळा पुसला आणि गेला. पुसायची गरज नव्हती. फळ्यावर नुसतं एक वडाचं पान होतं.

रिया तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

तुम्ही नाव विचारलं होतं. भावेश घरत. ह्यांचे धाकटे चुलतभाऊ. पूर्वी मिठागरावर होते, आता जमिनीची कामं बघतात. मला समितीवर त्यांनीच आणलं. घरचं माणूस म्हणून लिहिलं नव्हतं. आणि ते वाईटही नाहीत. सरांना घालवलं म्हणून चिडतील असं वाटलं होतं, तर हसून म्हणाले, "जाऊं दे वयनी, त्याचं काम झालंय."

तुमची,
दिपिका

*

मिरज, १९ सप्टेंबर २०२५

दिपिका,

कसलं काम?

शिकवायला आलेल्या माणसाचं काम 'झालंय' असं कधी होत नाही. तू ज्याच्यावर नजर ठेवून होतीस तो रंग डब्यात भरून निघून गेला. ज्याच्यावर नजर ठेवायची तो हसतोय. तुझा संशय खोटा होता असं मी म्हणत नाही. तो चुकीच्या माणसावर होता, असं मला वाटायला लागलंय. आणि इंद्रजीतला मी शिक्षक म्हटलं ते पुरेसं जोरात म्हटलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

चित्रं कुठे आहेत, ते शोध.

वसुंधरा दांडेकर

*

पनवेल, ३० सप्टेंबर २०२५

बाई, नमस्कार.

चित्रं आली. सोबत पाठवतेय ती पुस्तिका बघा. गुळगुळीत कागद, नाव 'आमच्या स्वप्नातली शाळा', आणि मुखपृष्ठावर आमच्या रियाचं चित्र. खाली तिचं नाव, इयत्ता. भावजींनी घरोघर वाटली. पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मला एवढा आनंद झाला, की मागचं पान वाचायचं राहिलं.

मागे लिहिलंय, गावच्या मुलांनी नव्या शाळेचं स्वप्न पाहिलं आहे, ते पूर्ण करण्यासाठी हायवेच्या पलीकडे तीन मजली इमारत बांधून देण्यात येईल. त्या बदल्यात सध्याची जागा सोडायची. चौकशी केली तेव्हा कळलं, शाळेच्या मागे फ्लॅटचे टॉवर उभे राहायचेत, त्यांना हायवेवरून रस्ता हवाय आणि तो आमच्या मैदानातून जातो. संस्था टॉवरवाल्यांचीच आहे. भावजी त्यांचं काम बघतात.

मी घरी विषय काढला. भावजी म्हणाले, "वयनी, छप्पर गळतंय तुमच्या शालेचं. तिकडं कॉम्प्युटर मिलतील, संडास मिलतील. आनि पोरांनीच मागितलंय, मी नाय." खोटं काय आहे त्यात? छप्पर खरंच गळतं. पण पहिलीतली पोरं कळंबोलीकडून येणाऱ्या ट्रकांमधून रोज हायवे कसा ओलांडणार, यावर म्हणाले, "पूल होईल."

बारा ऑक्टोबरला विशेष ग्रामसभा आहे. मोठ्या मॅडम खूश आहेत. गावही खूश आहे. मला समितीच्या वतीने पाठिंबा द्यायला उभं राहायचंय. मीच तेवढी संशयी आहे का, बाई? एकदा चुकलेय. पुन्हा बोलायची भीती वाटते.

तुमची,
दिपिका

*

मिरज, ५ ऑक्टोबर २०२५

प्रिय दिपिका,

हे स्पीड पोस्टानं पाठवतेय.

मुखपृष्ठावरचं चित्र कापलेलं आहे. चित्रकलेचा कागद असा चौरस नसतो, लांबट असतो. डाव्या कडेला उताराची एक रेघ वर चढत जाते आणि मध्येच तुटते. उजवीकडे काहीतरी उंच उभं आहे, त्याचा फक्त पाय दिसतो. ज्या मुलीनं शेवग्याच्या शेंगांचं वजन काढलं ती डोंगर अर्धा सोडणार नाही. आतली चित्रं पाहिली. तीही सगळी दोन्ही बाजूंनी कापलेली आहेत. एखादं चित्र छपाईत कापलं जातं. सगळी कापली जात नाहीत.

त्या कडांना काय होतं? मला विचारू नकोस. रियाला विचार.

वसुंधरा दांडेकर

*

पनवेल, १५ ऑक्टोबर २०२५

बाई, नमस्कार.

तुमचं पत्र हातात घेऊनच रियाजवळ गेले. म्हटलं, "चित्राच्या या बाजूला काय होतं गं?" महिन्याभरानं तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "कर्नाळ्याचा सुळका. आणि इकडं आपली पाण्याची टाकी. त्यांनी कापलं, आई. मी सगळ्यांना सांगत होते, कुणी ऐकलंच नाय."

 हायवेच्या पलीकडच्या त्या जागेवरून कर्नाळा दिसत नाही, मधे टेकडी येते. आणि टाकी तर आमच्या शाळेला खेटून आहे. म्हणजे तिनं तीन मजली शाळा काढली, वाचनालय काढलं, जिन्यावर फुलझाडं काढली, पण काढली ती इथेच. आमच्याच मैदानात.

पण पोरीच्या शब्दावर ग्रामसभा थांबत नसते. मूळ चित्रं हवी होती. मोठ्या मॅडमकडून पत्ता घेतला आणि कळंबोलीला गेले. लोखंडाच्या गोदामाच्या वर एक खोली, खाली सळया उतरवण्याचा आवाज. सरांनी दार उघडलं आणि मला बघून मागे सरकले. त्यांना वाटलं, अजून कुणाला घेऊन आलेय.

"एकटीच आहे," म्हटलं. "चित्रं कुठे आहेत?"

"माझ्याकडेच. संस्थेला स्कॅन हवे होते. कागद टाकून द्या म्हणाले, मी टाकले नाहीत."

"तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी मला बसायला स्टूल सरकवलं. मग म्हणाले, "आधी नव्हतं. पुस्तिका छापायला गेली तेव्हा कळलं. ताई, डिप्लोमा करून सात वर्षं झाली. चित्रकला शिक्षकाची एक जागा निघाली नाही. रंगाच्या दुकानात काम केलं, लग्नाच्या स्टेजवर कमानी रंगवल्या. तुमची शाळा ही माझी पहिली शाळा. बोललो असतो तर ही नोकरी गेली असती. बोललो नाही, तर तुम्ही घालवलंत."

मी माफी मागितली. ते "असू दे" म्हणाले नाहीत, आणि मला तेच बरं वाटलं. पलंगाखालून चित्रांचा गठ्ठा काढला, प्रत्येक चित्रात पातळ कागद घातलेला. माझ्या हातात देताना म्हणाले, "दुमडू नका."

ग्रामसभेत मला पाठिंब्यासाठी उभं केलं. मी चित्रं भिंतीला ओळीनं लावली आणि पुस्तिकेचं एकेक पान त्यांच्याखाली धरलं. म्हटलं, "मी काही बोलत नाही. तुम्हीच बघा."

 मग हौसा आजी काठी टेकत उठली, अगदी नाक लावून बघितलं. "ही तं आमची विहीर हाय! शालेच्या मागची." मग कुणी म्हणालं, ही टाकी. कुणी म्हणालं, हा आमचा वड. प्रत्येक चित्रात आपलं काही ना काही निघायला लागलं. पुस्तिकेत त्यातलं एकही नव्हतं. बायकांनी पानं हिसकावून घेतली.

भावजी उठले. "पोरांची चित्रां हायत, छापताना थोडी कापली जातात. वयनी, घरचा मानूस हाय मी."

तेव्हा दारातून आवाज आला, "छापताना कापली नाहीत. आधी कापून छापली." इंद्रजीत सर होते. कधी येऊन उभे राहिले, कळलंच नाही. एवढं एकच वाक्य बोलले. भावजींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि खाली बसले.

ठराव झाला नाही. विषय पुढे ढकलला. पुढे म्हणजे कधी, ते कुणी सांगितलं नाही. बाहेर आले तर सर निघून गेले होते. काल त्यांचा मेसेज आला, संस्थेनं काढून टाकलं, नाशिकला घरी चाललोय.

तुमची,
दिपिका

*

मिरज, १ नोव्हेंबर २०२५

प्रिय दिपिका,

तुझं पत्र भाचीला मोठ्यानं वाचायला लावलं. मला ऐकू येत नाही, पण तिचा चेहरा बघायचा होता.

आता एक अवघड गोष्ट विचारते. मैदान वाचलं, निदान आज तरी. पण चित्रकलेच्या तासाला आता काय चालतं? आणि रिया काय काढते?

वसुंधरा दांडेकर

*

पनवेल, १० डिसेंबर २०२५

बाई, नमस्कार.

चित्रकलेच्या तासाला पुन्हा गणित सुरू झालं होतं. पनवेलला शिक्षण विभागात गेले. साहेब सभ्य होते. म्हणाले, "एवढ्या पटाला कलाशिक्षकाचं पद बसत नाही. तुम्ही संस्था बघा ना एखादी." मी हसले, त्यांना कळलं नाही का हसले ते. अर्ज देऊन आले. दर महिन्याला जाणार आहे.

तोवर शनिवारी मीच तास घेते. दचकू नका. मला येतं तेवढंच शिकवते, आणि रंगात पाणी भरपूर घालते. भावजींचं घर आमच्याशी बोलत नाही. दिवाळीला फराळाचं ताट आलं नाही, आम्ही पाठवलेलं परत आलं. ह्यांना फार लागलं ते. मला बोलत नाहीत काही, पण अंगणात एकटे बसून राहतात.

मुलांचं सांगते. पहिल्या शनिवारी कागद दिले तर कुणी हात लावेना. तिसरीतला एक मुलगा म्हणाला, "तू घेऊन जाशील." मग सगळी फरशीवर खडूनं काढायला लागली आणि घंटा झाली तशी पायानं पुसून टाकली. रियानंही पुसलं. नाव तर कुणी घालतच नाही. बाई, मोठ्या माणसांत संशय असतो, तो मी पाहिलाय, केलाय. पण सात-आठ वर्षांच्या पोरांनी आपलंच चित्र पायानं पुसताना बघवत नाही. हे त्यांच्यात भावजींनी घातलं की मी, ते ठरवता येत नाही.

मी नियम केला, कागद मी गोळा करणार नाही. बघायलाही मागणार नाही. ज्याला दाखवायचं त्यानं दाखवावं, आणि घरी न्यावं. हळूहळू कागदावर आली. रिया सगळ्यात शेवटी.

सुट्टीत तिला करंजा गावी माझ्या मावशीकडे नेलं होतं. बंदरावर होड्या लागल्या की माशांचा लिलाव होतो, मावशी तिथे उभी असते. रियानं ते काढलंय. मला दाखवलं नाही. काल लिफाफ्यात स्वतः घालून, डिंक लावून दिलं आणि म्हणाली, "तुझ्या बाईंना पाठव. तू उघडू नको." मी उघडलेलं नाही. सोबत आहे.

तुमची,
दिपिका

*

मिरज, २२ डिसेंबर २०२५

चि. रिया,

हे पत्र तुला आहे. आईला वाचू द्यायचं की नाही, ते तू ठरव.

तुझं चित्र मी तीन दिवस खिडकीत ठेवलं होतं. पाटी डोक्यावर घेतलेली बाई चालताना एका बाजूला झुकते, हे तुला दिसलं. तुझ्या आईच्या मावशीनं बोट वर केलंय, भाव करतेय ना? तिचा आवाज मला चित्रातून ऐकू आला, आणि मला आवाज ऐकून बरीच वर्षं झाली. होड्यांमागचं पाणी तू घाईत केलंस. पाणी सगळीकडे सारखं नसतं. होडीच्या सावलीत ते वेगळं असतं. पुढच्या वेळी जाशील तेव्हा बराच वेळ बघ.

भाची म्हणाली, फ्रेम करून भिंतीला लावू. मी नको म्हटलं. चित्राच्या मागे तू बारीक पेन्सिलीनं लिहिलंयस, 'बघून परत पाठवा.' म्हणून दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून परत पाठवतेय. चारही बाजू मोजून बघ. कुठे कापलेलं नाही.

वसुंधरा दांडेकर